पायांना लागत नाही ना?

"उगाच चान्स कशाला घ्या?" असं म्हणताना ते आधी उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि मग ज्या वस्तूबद्दल बोलणं चाललं असेल तिच्यावर दोनदा टकटक करायचे. वस्तू कुठलीही असो. गॅसची नळी, लिफ्टचं दार, गॅलरीचं ग्रिल. पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी चहाच्या कपावर टकटक केलं. कपाच्या कानाला बारीक तडा होता. मला तो सहा वर्षांत दिसला नव्हता, त्यांना पहिल्या घोटाआधी दिसला.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरचे स्विच बघतो, मग माणसं. आपण त्याला हसतो, आणि तो गेल्यावर गुपचूप जाऊन गॅसची नळी बघून येतो.

ते आमच्या समोरच्या मानसीचे वडील. शहाड स्टेशनवरून चालत दहा मिनिटांवर आमची सोसायटी आहे आणि तिसऱ्या मजल्यावर मानसीचं दार माझ्या दारासमोर. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य मानसीच्या घरात जातं. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे, माझी तिच्याकडे. ती मला काकू म्हणते आणि मी तिला वाटेल ते बोलते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण मानसीचं माहेर आता कॅनडात होतं. मूळची ही माणसं इथलीच, मोहन्याची. वडील अंबरनाथला रंगाच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर मुलानं दोघांना आपल्याकडे नेलं. "काकू, मी माहेरी नाही जात, माहेरच विमानात बसून येतंय," असं मानसी सातव्या महिन्यापासून सगळ्यांना सांगत होती. ठाण्याला, खोपटच्या हॉस्पिटलात तिला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी आजी-आजोबा दारात हजर झाले.

आजी चपला काढून थेट पाळण्याकडे गेल्या. हे उंबऱ्यातच थांबले. बॅगा बाहेर ठेवल्या, आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, नखं कापली, हात दोनदा धुतले. मग हात नसलेल्या खुर्चीत बसले, दोन्ही बाजूंना उशा लावून घेतल्या, तोंडावर मास्क चढवला आणि म्हणाले, "हं. आता द्या."

मी शिऱ्याची ताटली घेऊन उभी होते. मानसीनं मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ते बघायला लागले. किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही, पण माझा शिरा पार गार झाला.

"कान माझ्या आईचे आहेत," ते शेवटी म्हणाले. "वरून असे दुमडलेले. आणि हनुवटीला खळी पडणार आहे. आत्ता दिसत नाही. पण पडणार."

"बाबा, नऊ दिवसांची आहे ती," मानसी म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो, लक्ष ठेवायला हवं."

बाराव्या दिवशी बारसं झालं, आत्यानं मुलीचं नाव ओवी ठेवलं. पुढचे तीन आठवडे पाळण्याशेजारची खुर्ची त्यांची. बाकीच्या वेळात त्यांनी सोसायटी तपासली. तळमजल्यावरच्या आग विझवायच्या नळकांड्याची तारीख उलटून गेल्याचं त्यांनीच शोधलं. मग आमचे चेअरमन त्यांना टाळायला लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा करू लागले. बिल्डिंगमध्ये त्यांना सेफ्टी आजोबा असं नाव पडलं, आणि ते त्यांना आवडलं होतं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी दृष्ट काढते. म्हणजे काढायचे. सासूबाई काढायच्या, त्यांच्या मागे लोक माझ्याकडे यायला लागले. मी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं कारकुनी केली आहे, अडाणी नाही. दृष्टीवर विश्वास आहे का असं विचाराल तर भर दुपारी नाही, तिन्हीसांजेला थोडा आहे. मूठभर मीठ, मोहरी, सात सुक्या लाल मिरच्या. मुलावरून ओवाळायच्या आणि तापलेल्या तव्यावर टाकायच्या. मिरच्यांचा ठसका उठला, घरभर खोकला सुरू झाला, तर दृष्ट नव्हती. ठसका नाही उठला तर होती, आणि ती जळून गेली. हे सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यांना माहीत नाही ते हे, की माझ्याकडच्या मिरच्यांचा ठसका कधीच उठत नसे. सिंकखालच्या कपाटात एक वेगळी बरणी होती. एका पावसाळ्यात तिच्यातल्या मिरच्यांना ओल लागली, मिरच्या मऊ पडल्या, आमटीत घालायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. टाकवत नव्हत्या म्हणून दृष्टीसाठी ठेवल्या. मग माझ्या लक्षात आलं की ठसका उठला तर आया हिरमुसतात. दृष्ट नाही तर मग मूल रडतंय कशानं, या काळजीत पडतात. ठसका नाही उठला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. होती, गेली. म्हणून मी ती बरणी मुद्दाम जपली. यात मला काही वाईट दिसत नव्हतं.

ओवी महिन्याची झाली असेल. एके दिवशी चार वाजल्यापासून तिनं रडायला सुरुवात केली ती थांबेचना. डॉक्टरांना फोन झाला, ते म्हणाले पोटात गॅस धरलाय, काळजीचं काही नाही. पण सात वाजत आले तरी पोर रडतच होती आणि मानसीही रडायला लागली होती. आजी माझ्या दारात आल्या. "ताई, जरा काढा हो," म्हणाल्या.

मी बरणी घेऊन गेले. स्वयंपाकघरात हे गृहस्थ आधीच उभे. त्यांनी खिडकी उघडली, बादलीभर पाणी भरून शेगडीजवळ आणून ठेवलं. मी तवा ठेवला तर म्हणाले, "वहिनी, पदर खोचा. उगाच चान्स कशाला घ्या?" मी पदर खोचला. मी मिरच्या उचलल्या तर म्हणाले, "जरा लांबून टाका. आणि धूर बाळाकडे जायला नको." मी जरा लांबून टाकल्या. मग त्यांनी तव्याच्या दांड्यावर टकटक केलं आणि म्हणाले की तो हलतोय.

इतकी वर्षं मी हे काम करत आले, कुणी मला पदर खोचायला शिकवलं नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत आले, आणि जे बोलले ते असं:

"बघा, ठसका आहे का? नावाला नाही! एवढी कोणाची लागली म्हणायची? दुसरं कोण, आजोबांचीच. तीन आठवडे टक लावून बसलेत. मायेच्या माणसाचीच सगळ्यात जास्त लागते हो."

सगळे हसले. मानसी रडता रडता हसली. तेही हसले, जरा उशिरानं. आणि पाच मिनिटांत ओवी झोपली. तीन तास रडून रडून दमली होती, झोपेल नाहीतर काय करेल?

मी ते गमतीत बोलले, असं नंतर स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. गमतीत नव्हतं. मला राग आला होता आणि त्यांना चार लोकांत एक टोला द्यायचा होता. तो बसला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते माझ्याकडे आले. मी मेथी निवडत बसले होते. त्यांनी समोरच्या खुर्चीचे पाय हलवून पाहिले आणि मग बसले.

"माझा या सगळ्यावर विश्वास नाही हं वहिनी," ते म्हणाले. "माहिती असावी म्हणून विचारतो. ही लागते ती बघितल्यानं, का कौतुक केल्यानं?"

"बघितल्यानं."

"किती अंतरावरून?"

"आता अंतर काय सांगू? नजर पोचेल तिथवर."

"चष्म्यातूनही?"

मला हसू आलं. "चष्म्यातून तर जास्तच. मोठं दिसतं ना."

ते हसले नाहीत. "आणि पायांना? पायांना लागत नाही ना?"

"पायांना कशाला लागेल? लागते ती तोंडाला."

"किती वयापर्यंत?"

"वर्षाचं होईपर्यंत जपायचं. मग मूल टणक होतं."

"म्हणजे एक वर्ष," ते म्हणाले. बोटानं माझ्या टेबलावर दोनदा टकटक केलं आणि उठून गेले.

यातलं एकही उत्तर मला सासूबाईंनी सांगितलेलं नव्हतं. चष्म्याचं नाही, पायांचं नाही, वर्षाचंही नाही. मेथीची पानं खुडता खुडता जे तोंडाला आलं ते मी ठोकून दिलं. आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले.

त्यानंतर त्यांची खुर्ची पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. हळूहळू ते घराबाहेरच जास्त राहायला लागले. भाजी आणायची, दूध आणायचं, दुपटी गच्चीवर वाळत घालायची. आणि रोज अकराला माझ्याकडे यायचे.

"आज कशी आहे?"

"तुमच्या घरातून येताय आणि मला विचारताय?"

"तुम्ही सकाळी तेल लावताना होतात ना. ओठावर तो दुधाचा फोड आलेला, गेला का?"

"गेला."

"डोळे अजून काळेच आहेत, का तपकिरी व्हायला लागलेत?"

"अहो, समोर दार आहे. जाऊन बघा की!"

"नको," ते म्हणायचे. "उगाच चान्स कशाला घ्या?" त्या दिवसांत ते अधूनमधून शिंकायचे. इथली धूळ त्यांना सोसत नव्हती. मला वाटायचं, सर्दीबद्दल बोलतायत.

दीड महिन्याची झाली तेव्हा ओवी पहिल्यांदा ओळखीचं हसली. मी तिथेच होते. मानसी ओरडली, "बाबा, लवकर या, हसतेय बघा!" ते स्वयंपाकघरात वाटी-चमचा उकळून पुसत होते. "आलो, आलो," म्हणाले. आणि ती वाटी पुसत राहिले. वाटी कोरडी झालेली मला बाहेरच्या खोलीतून दिसत होती. ते पुसतच राहिले. ओवीचं हसून झालं, ती जांभई देऊन झोपायला लागली, तेव्हा बाहेर येऊन म्हणाले, "अरे, राहिलं का? जाऊ दे."

मानसीचा चेहरा उतरला. मी नंतर जिन्यात भेटलेल्या एका बाईला म्हटलं, पुरुषांचं कौतुक चार दिवसांचं असतं.

पण याहून वाईट पुढे आहे, आणि ते मी टाळू शकत नाही. दोन दिवसांनी मानसी माझ्याकडे आली. ओवी आजीजवळ झोपली होती. मानसी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "काकू, एक विचारू? बाबांना मुलगा हवा होता का हो? दादालाही दोन्ही मुलीच. आलेले तेव्हा किती खूश होते. आता हातात घेतात तरी दुसरीकडेच बघतात. काल मी म्हटलं बघा ना तिच्याकडे, तर चक्क फॅनकडे बघायला लागले."

मला काय अडचण होती गप्प बसायला? मी म्हटलं, "असेलही. त्या पिढीचे पुरुष, बोलून दाखवत नाहीत."

मानसीनं मान हलवली. त्यानंतर तिनं बाबांना हाक मारून बोलावणं बंद केलं.

त्यांना परत जायला आठवडा उरला असताना आजी डिंक मागायला माझ्याकडे आल्या. लाडू थोडे करून ठेवायचे होते. मी डिंक काढून देता देता सहज बोलून गेले, "आजोबांचा जीव तिथल्या नातींत दिसतो. इथे काही रमले नाहीत."

आजींनी हातातली वाटी खाली ठेवली. "अहो ताई, असं काय म्हणता? तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"मी? काय सांगितलं?"

"दृष्ट त्यांचीच लागते म्हणून. तेव्हापासून तोंडाकडे म्हणून बघत नाहीत तिच्या. पायांना लागत नाही म्हणालात ना तुम्ही, तर पाय तेवढे बघतात. ती झोपली की पायाशी बसून असतात. बोटं पाठ झालीत त्यांना."

मी विचारलं, "आणि तुम्ही मानसीला सांगितलं नाहीत?"

"सांगू नको म्हणालेत. ती हसेल, आणि हसत हसत पोरीला पुढ्यात धरेल. मग काय करायचं, म्हणतात. तुम्हीही सांगू नका. शपथ घातलीय मला."

"पण त्यांचा विश्वास नाही ना या गोष्टींवर?"

"विश्वास कुठाय!" आजी म्हणाल्या. "पण सेफ्टीत जन्म गेला ना. हेल्मेट घातलं नाही म्हणून दर वेळी डोक्यात वीट पडते असं थोडंच आहे, पण घालायचं, असं म्हणतात."

त्या संध्याकाळी मी ती बरणी घेऊन गच्चीवर गेले. ते रोज तिथे फेऱ्या मारायचे आणि मोहन्याच्या बाजूला थोडा वेळ उभे राहायचे. मी बरणी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. मिरच्या जुन्या आहेत, ओल लागलेल्या आहेत, यांचा ठसका कधीच येत नाही, कुणावरूनही ओवाळा. शेजारीपाजारी माझा एवढा मान, आणि मी त्यांच्यासमोर चोरी पकडलेल्या पोरीसारखी उभी होते.

त्यांनी एक मिरची काढली, मोडून पाहिली. ती मोडली नाही, नुसती वाकली. नाकाजवळ नेली.

"म्हणजे खोटा अलार्म," ते म्हणाले.

"हो! तेच सांगते मी."

"आमच्याकडे होता असा एक. दर दोन-चार दिवसांनी उगाच वाजायचा. माणसं वैतागायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"सगळ्यांना बाहेर काढायचो. दर वेळी."

"आणि आग?"

"एकदाही नव्हती." त्यांनी मिरची परत बरणीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. "पण वहिनी, अलार्म खोटा आहे म्हणजे आग नाहीच, असं कुठे ठरतं? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत."

"अहो, नात आहे ती तुमची! सातासमुद्रापलीकडून तिला बघायला आलात ना?"

"म्हणून तर," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची असती तर बघितलं असतं." मग ते एकदम खुशीत आले. "आणि मुदत आहे ना. वर्षाचीच गोष्ट. तिकिटं बघून ठेवलीत मी. पहिल्या वाढदिवसाला येतो, आणि मग बघा कसा बघतो. समोर खुर्ची टाकून बसतो."

ते वर्षही माझंच, मेथी निवडता निवडता काढलेलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते इतके आनंदात होते की मला सांगवलं नाही. असं मी लोकांना सांगते. खरं सांगायचं तर एका संध्याकाळी किती खोटेपणा कबूल करायचा याला माझ्याकडे मर्यादा होती. मी बरणी उचलली आणि खाली आले.

जायच्या दिवशी सकाळी गेटपाशी टॅक्सी उभी होती. त्यांनी चारही टायर पाहिले, ड्रायव्हरला पट्टा लावायला लावला. मानसी ओवीला घेऊन खाली आली. काही न बोलता तिनं मुलीला त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी आधी डोळे मिटले आणि मग मुलीला घेतलं. तिच्या टाळूवर नाक टेकवून उभे राहिले. वॉचमनला वाटलं देवाचं नाव घेतायत, तोही हात जोडून उभा राहिला. ओवी त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मानसीनं तोंड फिरवलं होतं. मी अगदी जवळ होते. हळूच म्हटलं, "बघा हो एकदा."

मिटल्या डोळ्यांनीच ते हसले. "वर्षानं, वहिनी."

मग दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. इकडे ओवी, आणि तिकडे कधी छत, कधी पडदा, नाहीतर आजोबांचा कान. ते फोन कानाला लावून बसायचे आणि तिचे आवाज ऐकायचे. "बाबा, फोन समोर धरा ना," मानसी सांगायची. "धरलाय की," ते म्हणायचे. सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर मानसी नुसता फोन ओवीजवळ ठेवून कामाला निघून जायला लागली. मी तिथे असले तर फोनमधून मला विचारायचे, "वहिनी, दात आले का? वरचे का खालचे?" मी सांगायचे. खळी पडली का, तेही विचारलं होतं. पडली, म्हटलं. उजवीकडून बघितलं की दिसते. पलीकडून फोनवर दोनदा टकटक ऐकू आली.

त्या काळात मी मानसीला चार शब्द सांगू शकले असते. शपथ आजींना घातली होती, मला नव्हती. रोज वाटायचं, आता वर्ष होतच आलं, ते येतील, बघतील, मानसीला आपोआप कळेल, मी मध्ये पडायला कशाला हवं? म्हणजे माझ्या बरणीची गोष्ट बाहेर न येता सगळं नीट होईल. हा माझा हिशेब होता.

ओवीला अकरावा महिना चालू असताना ते गेले. तिकडे, सकाळी, चहा पिता पिता. ओवीचा पासपोर्ट काढलेला नव्हता, मानसीला जाता आलं नाही. तिनं सगळं फोनवर पाहिलं. तिकिटं पुढच्याच महिन्याची होती.

वाढदिवस मोठा करायचा नाही असं ठरलं. "काकू, नुसतं औक्षण करू, तुम्ही या," मानसी म्हणाली. तिचा नवरा निखिल केक आणायला गेला होता. पाटावर ओवीला बसवली, मी ओवाळलं. खणाचं परकर-पोलकं, कपाळाला कुंकू, आणि ती निरांजनाकडे बघून खदखदून हसत होती. उजवीकडची खळी एवढी खोल.

"किती गोड दिसतेय," मानसी म्हणाली. "काकू, आज हिची दृष्ट पण काढा."

"मी आता नाही काढत," मी म्हटलं.

"का?"

"असंच."

ती तबक उचलून ठेवायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "एक मात्र बरं झालं हो काकू. आज बाबा आले असते आणि आजही भिंतीकडे बघत बसले असते ना, तर मला सहन झालं नसतं. त्यांना ती आवडलीच नाही कधी."

मग मी सांगितलं. मिरच्यांचं सांगितलं, रागाचं सांगितलं, मेथीचं सांगितलं, वर्षाचं सांगितलं. गच्चीवर काय झालं ते सांगितलं. तू विचारलं होतंस तेव्हा "असेलही" म्हटलं, ते मला काही माहीत नसताना म्हटलं, आणि माहीत झाल्यावरही गप्प बसले, हेही सांगितलं. मानसी तबक हातात धरून ऐकत होती. निरांजन जळत होतं. ती मला बोलेल, हाकलून देईल, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तिनं तबक टेबलावर ठेवलं आणि पाटावरून ओवीला उचललं. भिंतीवर तिनं बाबांचा फोटो लावला होता, पासपोर्टसाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. तसल्या फोटोत असते तशी नजर, सरळ समोर. मानसीनं ओवीच्या तोंडावरचे केस मागे सारले, तिला दोन्ही हातांनी वर उचललं आणि तिचा चेहरा त्या फोटोच्या अगदी समोर धरला.

"बघा, बाबा," ती म्हणाली. "झालं वर्ष. आता बघा."

ओवी चुळबुळ करायला लागली तरी मानसीनं तिला खाली घेतलं नाही. मी दाराशी उभी होते. मला त्या फोटोकडे बघवलं नाही.